मापकाकांनी पकडून दिलेली वेल

पत्रकात मुद्द्याचं वाक्य एकच होतं, पण ते ज्या कुणी लिहिलं त्याला मापकाका आजही माफ करायला तयार नाहीत. 'सोसायटीच्या आवारातील घाणेरी व त्याच कुळातील सर्व वनस्पती पंधरा दिवसांच्या आत काढून टाकाव्यात, अन्यथा उद्यान खात्यातर्फे काढण्यात येतील.' घाणेरी काढा, काढा की! घाणेरी माजते, दुसऱ्या झाडाला जगू देत नाही, तिच्या काट्यांनी पोरांचे पाय ओरबाडतात. पण 'त्याच कुळातील सर्व'? म्हणजे एखाद्याने चोरी केली तर त्याच्या मावश्या, आत्या आणि चुलतभाऊही उचलून आत टाकणार का? हा प्रश्न काकांनी उद्यान खात्याला विचारायला हवा होता. तो त्यांनी काकूंना विचारला, आणि काकू म्हणाल्या, "मला काय विचारता? पत्रक मी काढलंय का?"

मापकाका म्हणजे उंच जोत्याच्या तळमजल्यावरचे, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंना धाक लावला. पाव किलोच्या वजनात गुंजभर खोट असली तरी ती त्यांना लांबून दिसायची, निदान तसं ते सांगतात. अजूनही ते बाजारात गेले की भाजीवाला काट्यावरचा हात पटकन काढून घेतो. अशा माणसाचा आणि झाडांचा काय संबंध? संबंध एवढाच की त्यांच्याकडे भिंग होतं.

"काका, तुमच्याकडे भिंग आहे ना?" सेक्रेटरी दारात उभं राहून म्हणाले. "मग आवारातली झाडं ओळखायचं तेवढं तुम्ही बघा. आम्हाला हिरवं म्हणजे हिरवं एवढंच कळतं."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? फिरून आलो असतो, दोन घाणेरीची झुडपं दाखवली असती आणि मोकळे झालो असतो. काकांनी वाचनालयातून वनस्पतिशास्त्राचं विटेएवढं जाड पुस्तक आणलं. आठ दिवस ते त्या पुस्तकात होते. काकूंनी विचारलं, भात टाकू का, तर हे म्हणाले, "परागकोश किती?"

आठ दिवसांनी काकांना जे कळलं ते असं. घाणेरीचं घराणं भलतंच मोठं आहे, आणि त्यात कोणाचं कोणाशी पटत नाही. खुणा आहेत, पण कुठलीच खूण सगळ्यांना लागू नाही. कोवळं खोड चौकोनी असतं, बोटांत फिरवलं की कडा लागतात. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. पानांच्या कडेला करवतीसारखे दाते. फुलं बारीक, पण घोळक्याने येणारी. फुलाच्या पाच पाकळ्या, त्याही सारख्या मापाच्या नाहीत. त्यात कोणी काटेरी झुडूप, कोणी जमिनीसरपट पसरणारी, कोणी उंदराच्या शेपटीसारखा तुरा काढणारी, आणि एक तर अशी की तिचा काढा करून लोक हौसेने पितात. काकांचं डोकंच फिरलं. चौतीस वर्षं त्यांनी ज्या जगात काढली तिथे किलो म्हणजे किलो असतो, काही किलो जरा लांबट आणि काही किलो वेलीसारखे, असं नसतं.

पण गप्प बसतील तर ते मापकाका कसले! रविवारी सकाळी त्यांनी गाड्या लावायच्या जागेत सगळ्यांना गोळा केलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक डहाळी दिली. "फिरवा. बोटांत फिरवा. कडा लागतात का?"

कडा सगळ्यांनाच लागल्या. त्या दिवसापासून सोसायटीत ज्याच्या त्याच्या बोटांत काहीतरी फिरत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी स्वतःच्या कुंडीतला पुदिना चौकोनी निघाला म्हणून घाबरून उपटून टाकला. "अहो आजी, पुदिन्याचं कूळ वेगळं!" काका कळवळून म्हणाले. "खोड चौकोनी असलं म्हणून काय झालं? फळाची घडण बघायची!" आजी म्हणाल्या, "तूच म्हणालास, फिरवा. मी फिरवला."

मग काकांनी यादी केली. सेक्रेटरींच्या लाडक्या डुरांटाचं कुंपण, ज्याला पिवळे मणी लोंबतात आणि ज्याची हिरवी भिंत ते कात्रीने इंच इंच कापत असतात, ते घाणेरीचं भावंड. मैदानात पायाखाली पसरलेली ती बारीक बोंडांची हिरवळ, तीही. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या तीन कुंड्या, ज्यांच्या पानांचा लिंबाच्या वासाचा चहा त्या पाहुण्यांना पाजतात, त्याही.

"माझं चहाचं झाड घाणेरीचं नातेवाईक?" डॉक्टरीणबाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "काका, याची पानं समोरासमोर नाहीतच! एका पेरावर तीन-तीन आहेत. मोजा!"

"तो अपवाद आहे."

"तुमच्या कुळात सगळे अपवादच दिसतात!"

हे खरं तर पुस्तकातही लिहिलेलं होतं, फक्त जरा सभ्य भाषेत. काका मात्र दुखावले. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या कुंड्यांपुढे खूण केली आणि यादीखाली सही केली.

त्या यादीत एक नाव नव्हतं. विसरले म्हणून नाही, पुस्तकातलं ते पान त्यांनी अजून उलटलंच नव्हतं. त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढलेली काकूंची वेल.

या वेलीबद्दल सांगायला हवं. नर्सरीवाले तिला पेट्रिया म्हणतात. पानं इतकी खरखरीत की पॉलिश पेपर संपला तर दार घासायला चालतील. काकूंनी ती नऊ वर्षांपूर्वी लावली, गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या थोडं आधी. पुढे गुडघ्याने असा काही दगा दिला की काकूंचं बाहेर जाणं जवळपास बंदच झालं. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीपुढे वेल, हीच त्यांची बाग आणि हेच त्यांचं फिरणं. आणि नऊ वर्षांत त्या वेलीला फूल म्हणून आलं नाही! सल्ले किती आले म्हणून सांगू! सेक्रेटरी म्हणाले, कापून टाका, जोमाने येईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माती बदला. आजी म्हणाल्या, नर आहे. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. "येईल तेव्हा येईल," एवढंच त्या म्हणायच्या. आणि या वर्षी, नेमकं पत्रक आलं त्याच आठवड्यात, फांद्यांच्या टोकांना बारीक मण्यांच्या माळा दिसायला लागल्या. कळ्या! काकूंनी काकांना हाका मारून मारून बोलावलं. काका परागकोशात होते, म्हणाले, "आलोच," आणि आलेच नाहीत.

मग उद्यान खात्याचे पाहणी अधिकारी आले. हातात छापील तक्ता. खोड चौकोनी आहे का? पानं समोरासमोर आहेत का? पानांना दाते आहेत का? फुलांचे घोस आहेत का? चारपैकी तीन 'हो' आले की कूळ तेच, काढावी. काकांनी तक्ता बघूनच नाक मुरडलं. असल्या कामचलाऊ मापाने त्यांनी कधी कुणाला आत टाकलं नव्हतं. पण ते यादी हातात घेऊन साहेबांच्या पुढे-पुढे चालले, आणि डुरांटा, हिरवळ, चहाच्या कुंड्या असे एकेक आरोपी हजर करत गेले. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं.

शेवटी साहेब काकूंच्या खिडकीखाली आले. वेल बघितली. खोड बोटांत फिरवलं. जुनं खोड, लाकडासारखं, गोल. "नाही." पानं समोरासमोर. "हो." दाते? कड सरळ. "नाही." फुलं? कळ्या साहेबांना दिसल्याच नाहीत. "नाही." चारांत एक. "ही नाही त्यातली," साहेब म्हणाले आणि तक्त्याचा कागद उलटला. वर खिडकीत काकूंनी धरून ठेवलेला श्वास सोडला.

आणि इथे मापकाकांनी ते केलं जे या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी केलं नसतं.

झालं असं, की आदल्याच दिवशी त्यांनी ते पान उलटलं होतं. पुस्तकात चित्र होतं, खाली वर्णन होतं. काल दिवसभर त्यांनी स्वतःला बजावलं होतं की गप्प राहायचं. पण समोर एक अधिकारी चुकीचं माप घेतो आहे, चुकीच्या मापावर शिक्का मारतो आहे आणि आपण बघत उभे! आणि काकांच्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, चूक होतेय."

"कसली?"

"हीसुद्धा त्याच कुळातली आहे. तुमचा तक्ता अपुरा आहे. या कुळात गोल खोडाचेही असतात, बिनदात्यांच्या पानांचेही असतात. खरी खूण फुलाच्या आत असते." आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी साहेबांना ती खूण समजावून सांगितली. कळ्याही दाखवल्या. स्वतः फांदी खाली ओढून दाखवल्या!

साहेबांनी कंटाळून लिहिलं, 'काढावी.'

वर खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. नुसती खिडकीच होती, पण त्या आवाजाने काकांना चौतीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण तराजूच्या चुकीच्या पारड्यात उभे आहोत.

त्या दिवसापासून काकू काकांशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलायच्या, पण वेलीशी. "बाई गं, तुला ज्यांनी पकडून दिलं त्यांना सांग, चहा झालाय." "बाई गं, त्यांना विचार, आंघोळीचं पाणी काढू का, का तेही उद्यान खात्याला विचारायचंय?" काका वेलीकडे तोंड करून म्हणायचे, "सांग तिला, मी खोटं बोलायला हवं होतं का?" वेल बिचारी काय सांगणार! कळ्या मात्र रोज फुगत होत्या.

त्याहून वाईट म्हणजे सोसायटीत काकांचं कौतुक सुरू झालं. "स्वतःच्या बायकोलाही सोडलं नाही!" सेक्रेटरी भेटेल त्याला सांगत होते, आणि असं सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळलेला दिसत होता. निःपक्षपातीपणाबद्दल असं कौतुक शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

काकांनी उद्यान खात्याचं ऑफिस गाठलं. खिडकीमागे एक कारकूनबाई स्वेटर विणत होत्या.

"नोंद रद्द करायची आहे," काका म्हणाले.

"फॉर्म नाही."

"म्हणजे?"

"नोंद करायचा फॉर्म आहे, रद्द करायचा नाही. आक्षेप घ्या." त्यांनी फाईल उघडली. "माहिती देणारे कोण आहेत? हं... काका, हे तुम्हीच."

"हो, मीच."

"मग आक्षेप तुम्हाला घेता येणार नाही. माहिती देणारा एक, आक्षेप घेणारा दुसरा. दोन माणसं लागतात. घरात अजून कोण आहे?"

"बायको."

"त्यांना आक्षेप घेऊ द्या. तुम्हाला नोटीस येईल. तुम्ही सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, तुमचं म्हणणं खरं कसं आणि त्यांचं खोटं कसं. मग सुनावणी."

घरात बायकोविरुद्ध लेखी उत्तर देऊन कुणाचं भलं झालंय? आणि इथे सरकार ते मागतंय, सात दिवसांत, दोन प्रतींत!

"नाहीतर," कारकूनबाई एक टाका घालत म्हणाल्या, "कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा दाखला आणा, की ही त्या कुळातली नाही."

कॉलेजातल्या प्राध्यापकबाई चांगल्या होत्या. त्यांनी काकांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. काकांनी बरोबर नेलेली डहाळी त्यांनी हातात घेतली आणि हसून म्हणाल्या, "काका, हल्ली या कुळात फार उलथापालथ झाली आहे हं. पूर्वी यात कितीतरी मंडळी होती. आता त्यातली बरीचशी पुदिन्याच्या कुळात हलवली आहेत. साग गेला, निर्गुडी गेली."

काका स्टुलावरून उठले. "साग? सागवान?"

"हो."

"एवढालं झाड? ज्याच्या आमच्या घरातल्या खिडक्या आहेत तो साग? तो पुदिन्याचा भाऊ?"

"लांबचा," प्राध्यापकबाई समजुतीने म्हणाल्या.

"कुणी हलवला? अर्ज कुणी केला होता?"

"अर्ज नाही हो. अभ्यासकांनी ठरवलं."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. शंभर-शंभर फुटी सागवान कुणाला न विचारता एका कुळातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतो, त्याला फॉर्म लागत नाही, सुनावणी लागत नाही! आणि आमच्या बोटाएवढ्या जाड वेलीला... पण तेवढ्यात त्यांच्या मनात आशेचा किरण चमकला. "मग ही वेलही हलवली असेल ना? बघा ना, बाई. नीट बघा."

प्राध्यापकबाईंनी एक कळी सुईने उघडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काका श्वास रोखून उभे.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही पक्की तिथलीच. तुमची ओळख अगदी बरोबर आहे, काका! खोड गोल असूनही तुम्ही फसला नाहीत. आमच्या पदवीच्या मुलांना तीन वर्षांत जमत नाही हे." त्यांनी कौतुकाने कागद पुढे ओढला. "असं लिहून देऊ का तुम्हाला?"

"नको!" काका एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या वर्गातला आवाज थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी झाडांच्या बाबतीत शाबासकी देत होतं, आणि ती शाबासकी घरी दाखवायची सोय नव्हती. ते रिकाम्या हातांनी परत आले.

पाहणीनंतर पंधराव्या दिवशी उद्यान खात्याचे मुकादम आले, हातात करवत, मागे दोन माणसं आणि एक ट्रॉली. आधी घाणेरी उपटली, मग डुरांटाचं कुंपण आडवं केलं. सेक्रेटरी घरात जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंच्या कुंड्या आदल्या दिवशीच दवाखान्यात स्थलांतरित झाल्या होत्या. मुकादमांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "कसल्या कुंड्या?" आणि दात विचकून हसल्या. दात त्यांचे छान आहेत.

आणि वेल? वेल त्या सकाळी फुलली होती. एकदोन नव्हे, सगळी. खिडकी दिसत नव्हती, भिंत दिसत नव्हती, नुसत्या निळ्या-जांभळ्या माळा लोंबत होत्या. रस्त्याने जाणारे थांबत होते. काकू खुर्चीत बसून होत्या, मांडीवर हात ठेवून. त्यांनी साडीसुद्धा बदलली होती.

मुकादम वेलीपुढे थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हे काय लिहिलंय? खोड चौकोनी, नाही. दाते, नाही. घोस, नाही. आणि खाली 'काढावी'? 'माहिती देणाऱ्याच्या सांगण्यावरून.' कोण आहे माहिती देणारा?"

सगळी सोसायटी खाली जमली होती. सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं. काका पुढे आले.

"तुम्ही?" मुकादम म्हणाले. "काका, मी तीस वर्षं झाडं तोडतोय. हे तोडायला माझा हात धजत नाही. बघा, तुमची चूक झाली असेल तर तसं लिहून द्या, मी 'माहिती चुकीची' असा शेरा मारून सोडून देतो. पण खात्री असेल तर सांगा, मी कापतो. नक्की त्यातलीच आहे का ही?"

काकांनी वर बघितलं. अहो, आता तर फुलं उघडी होती! त्या पाच पाकळ्या, त्यातली एक जरा वेगळी, नुसत्या डोळ्यांना दिसत होती. आता तर शंकेला जागाच नव्हती. काकांनी तोंड उघडलं.

"मुकादम!" खिडकीतून काकूंचा आवाज आला. पंधरा दिवसांत त्या पहिल्यांदाच माणसाशी बोलत होत्या. "त्यांचं काय ऐकता? त्यांना झाडांतलं काही कळत नाही. त्यांनी जन्मभर तराजू तपासलेत."

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. काकांचा चेहरा लाल झाला, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल. कळत नाही? पदवीच्या पोरांना जे जमत नाही ते ज्याला जमलं त्याला कळत नाही? चहाची कुंडी लपवणाऱ्यांसमोर, पुदिना उपटणाऱ्यांसमोर? त्यांच्या जिभेच्या टोकावर सगळं होतं, पुंकेसरापासून फळापर्यंत. वर काकूंनी एका हाताने खिडकीचा गज धरला होता आणि दुसऱ्या हाताने वेलीची एक माळ आत ओढून घेतली होती.

"कागद द्या," काका म्हणाले.

त्यांनी लिहिलं, 'मी दिलेली माहिती चुकीची आहे.' मुकादमांनी वाचलं आणि म्हणाले, "पुढे कारण लागतं." काकांनी दात-ओठ खाऊन लिहिलं, 'मला झाडांतलं काही कळत नाही.' खाली तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं आणि ज्या सहीला एकेकाळी अख्खा बाजार घाबरायचा ती सही केली. "झक मारली आणि भिंग घेतलं," असं काहीतरी ते पुटपुटले, पण ते कागदावर गेलं नाही.

मुकादमांनी करवत ट्रॉलीत टाकली. सेक्रेटरी तेवढ्यासाठी घरातून बाहेर आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, मला आधीपासूनच शंका होती." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं वयामुळे." आजी म्हणाल्या, "माझा पुदिना भरून दे." काका घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले.

दुपारी चहाचा कप पलंगाशेजारच्या टेबलावर आला. बरोबर काकूही आल्या, एका हाताने भिंत धरत, गुडघा सावरत. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. वेलीला नाही, त्यांना. "हे बघा ना. आतलं जांभळं फूल गळून खाली पडतंय आणि बाहेरची निळी चांदणी वेलीवर तशीच राहतेय. मग खरं फूल यातलं कुठलं?"

काका भिंतीशीच बोलले. "मला झाडांतलं काही कळत नाही. लिहून दिलंय."

"मग आता मी कुणाला विचारू? दातांच्या डॉक्टरला?"

काका उठले. जाऊन पुढचं दार लावलं, कडी घातली. खिडकीचं दार ओढून घेतलं. बाहेर कोणी नाही ना ते फटीतून बघितलं. मग भिंग काढलं, शर्टाच्या टोकाला पुसलं आणि काकूंच्या हातात दिलं. "ही निळी चांदणी म्हणजे पाकळ्याच नव्हेत. ते बाहेरचं आवरण. ते आठवडेच्या आठवडे टिकतं. खरं फूल हे, गळालेलं. याच्या आत बघ. किती पुंकेसर दिसतात? नीट मोज. घाई करू नकोस."

काकूंनी एक डोळा मिटला. बराच वेळ मोजलं. "चार. दोन लांब आहेत, दोन आखूड."

"शाबास! तीच ती खरी खूण. मग आता सांग, कूळ कुठलं?"

"अगंबाई!" काकूंनी भिंग खाली घेतलं. त्यांचा चेहरा एखाद्या पोरीसारखा फुलला होता आणि आवाज चांगला खणखणीत लागला. "म्हणजे ही खरंच घाणेरीचीच की हो!"

"अगं हळू," काका खिडकीकडे बघत म्हणाले, "कोणी ऐकेल."